लेपित छापील कागदाचे वय: नाशिकमधील सातपूरच्या छापखान्यातील प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२४

एका शिक्षणसंस्थेचे कार्यवाह आज छापखान्यात आले. संस्थेचा इतिहास सांगणारा, सुमारे तीनशे पानांचा आणि जुन्या छायाचित्रांनी भरलेला ग्रंथ त्यांना पुढच्या वर्षी काढायचा आहे. त्यांची अट एकच आहे: पन्नास वर्षांनी कोणी तो उघडला, तरी छायाचित्रे आजच्यासारखीच दिसली पाहिजेत. "ताई, तसे तुम्ही लिहून द्याल का?" असे त्यांनी सरळ विचारले. छपाईची पदविका आणि वडिलांच्या हाताखाली काढलेली वीस वर्षे गाठीशी असूनही मला होकार देता आला नाही, आणि नकार द्यायचा तर त्याचे कारणही नीट सांगता आले नाही. म्हणून हा प्रकल्प आजपासून सुरू करीत आहे. मापनांचे आकडे वेगळ्या वहीत जातील. येथे निरीक्षणे, झालेल्या चुका आणि त्यांतून मला लागलेला अर्थ लिहीन.

हाताशी एक मोठे भांडवल आहे. वडिलांनी १९८७ पासून प्रत्येक कामाच्या दोन प्रती राखून ठेवल्या. एक लोखंडी कपाटात जाई, आणि त्यांतली देखणी असेल तिची दुसरी प्रत पुढच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीसमोर चौकटीत लागे. त्यामुळे एकाच छपाईची, एकाच कागदावरची, पण एक उजेडात आणि एक अंधारात म्हातारी झालेली अशी जोडपी माझ्याकडे आयती आहेत.

११ मार्च २०२४

छायाचित्रे ज्यावर छापतात तो लेपित कागद, म्हणजे आर्ट पेपर, ही एकजिनसी वस्तू नव्हे, हे आधी स्वतःशीच स्पष्ट करून घेतले. मध्ये लगद्याचा मूळ कागद असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खनिजाच्या भुकटीचा पातळ लेप असतो, जो साधारणपणे प्रत्येक बाजूला चौरस मीटरमागे १० ते २० ग्रॅम भरतो. भुकटी मुख्यतः केओलिन माती आणि कॅल्शियम कार्बोनेट यांची असते. तिला धरून ठेवणारे बंधक शंभर भाग खनिजामागे जेमतेम १० ते १५ भाग असते. हल्ली हे बंधक बहुधा स्टायरीन-ब्यूटाडाइन लेटेक्स असते. पूर्वी दुधापासून काढलेले केसीन आणि स्टार्च यांचा वापर अधिक होता. लेप वाळल्यावर कागद रुळांच्या जोड्यांतून दाबून काढतात आणि त्या दाबाने त्याला चकाकी येते. शाई बसते ती या लेपावर, मूळ कागदावर नव्हे. म्हणजे पृष्ठभागाच्या आयुष्याचा प्रश्न हा बहुतांशी त्या थोड्याशा बंधकाच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

कपाटातील जुन्या प्रतींच्या कोऱ्या कडांचे तुकडे कापून त्यांवर व्हिनेगरचा एकेक थेंब टाकला. अलीकडच्या सर्व तुकड्यांवर बारीक बुडबुडे आले, म्हणजे त्यांत कार्बोनेट आहे. सर्वांत जुन्या दोन कामांच्या कागदावर काहीच हालचाल झाली नाही. कागदात हळूहळू तयार होणारे आम्ल कार्बोनेट शोषून घेते, आणि दीर्घायुषी कागदासाठीच्या आयएसओ ९७०६ या मानकातही किमान दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कधर्मी साठा मागितलेला आहे. त्या दोन जुन्या कागदांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत का झाल्या, याचे एक सरळ कारण येथेच दिसते.

१९ मार्च २०२४

नमुने छापले. १३० जीएसएमचा (चौरस मीटरमागे ग्रॅम) चकचकीत आर्ट पेपर, त्याच वजनाचा मॅट, म्हणजे चकाकी नसलेला, आर्ट पेपर आणि तुलनेसाठी १०० जीएसएमचा मॅप्लिथो, म्हणजे लेप नसलेला साधा छपाईचा कागद, असे तीन कागद घेतले. प्रत्येक तावावर चारही शाईंचे भरीव चौकोन, चार रंगांच्या मिश्रणातून केलेला एक राखाडी पट्टा, फक्त काळ्या शाईचा तसाच दुसरा पट्टा आणि एक कोरी पट्टी आहे. तावाचा एक तृतीयांश भाग तसाच ठेवला, एका भागावर तेलाचे वार्निश दिले आणि उरलेल्या भागावर पाण्यावर आधारित कोटिंग दिले. हे ताव चार ठिकाणी राहतील: पश्चिमेची खिडकी, लोखंडी कपाट, पत्र्याखालचा पोटमाळा आणि तळमजल्यावरील गोदाम.

पहिल्याच दिवशी एक चूक केली. छपाई झाल्या झाल्या चकाकीची मापने घेतली आणि समाधानाने वही मिटली. आमचे जुने मशीनमन काका म्हणाले, "अजून शाईतलं तेल खाली बसायचं आहे, आत्ताची चमक खरी धरू नका." त्यांचे म्हणणे बरोबर होते. ताज्या शाईतील तेल लेपाच्या सूक्ष्म छिद्रांत उतरत जाते आणि पहिल्या काही दिवसांत चकाकी आपोआप कमी होते. ही घट वार्धक्याची नव्हे. ते वाचन खोडले आणि सात दिवसांनी घेतलेले वाचन हाच आरंभबिंदू धरायचा असे ठरवले.

दुसरा प्रश्न हवेचा होता. कागद तपासण्यापूर्वी तो २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत स्थिरावू द्यावा असे आयएसओ १८७ हे मानक सांगते. उष्ण कटिबंधातील देशांसाठी २७ अंश आणि ६५ टक्के हा पर्यायही त्यात आहे. आमच्या छोट्या वातानुकूलित केबिनमध्ये वर्षभर राखता येईल अशी स्थिती दुसरीच आहे, म्हणून ती निवडली. एकदा निवडल्यावर ती मध्येच बदलायची नाही.

२ एप्रिल २०२४

आजच्या निरीक्षणाने मला दिवसभर गुंतवून ठेवले. १९९६ च्या एका दिनदर्शिकेच्या दोन्ही प्रती समोरासमोर ठेवल्या. खिडकीसमोरच्या प्रतीतील साडीचा लाल रंग उडून निळसर झाला आहे, हे अपेक्षितच होते. रविवार कारंज्यावरील दुकानांच्या काचेतली जुनी पोस्टरे निळी पडलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. पिवळी आणि किरमिजी शाई उजेडाला लवकर हरते. निळ्या शाईतील थॅलोसायनिन हे रंगद्रव्य आणि काळ्या शाईतील काजळी मात्र तग धरते. न कळणारी गोष्ट वेगळीच होती. कपाटातल्या प्रतीचे रंग शाबूत होते, पण तिच्यावर सरसकट मधासारखी पिवळट झाक होती, आणि ती खिडकीतल्या प्रतीवर नव्हती. अठ्ठावीस वर्षे अंधारात जपलेली प्रत उन्हात राहिलेल्या प्रतीपेक्षा पिवळी कशी?

काकांना विचारले. त्या काळी वर जवसाच्या तेलावर आधारलेले वार्निश मारत असत, हे त्यांना पक्के आठवत होते. उलगडा बहुधा तेथेच आहे. वाळणारी तेले हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात आणि पुढेही अनेक वर्षे मंदपणे बदलत राहतात. त्यांचा थर अंधारात अधिक पिवळा पडतो आणि उजेडात ठेवल्यास ती पिवळी झाक बरीचशी उतरते. तैलचित्रे सांभाळणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पडताळ्यासाठी कपाटातील प्रतीच्या एका महिन्याच्या पानाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून ते पान खिडकीत लावले आहे.

२६ एप्रिल २०२४

पोटमाळ्यावर दुपारी उभे राहवत नाही. शहरात पारा चाळिशीला टेकला की पत्र्याखाली त्याहून कितीतरी अधिक उकाडा होतो आणि हवा अगदी कोरडी असते. तेथील ताव कडांनी वळले आहेत, कारण आधी कडांतील ओलावा जातो आणि मधला भाग मागे राहतो. घडी घालून पाहिली तेव्हा तंतूंच्या दिशेला आडव्या घडीवर लेप फुटून पांढरी रेघ उमटली. तोच ताव केबिनमध्ये दोन दिवस ठेवल्यावर तशीच घडी पुष्कळ स्वच्छ बसली. हे वार्धक्य नाही, तात्पुरता कोरडेपणा आहे. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून ही नोंद करून ठेवते. उन्हाळ्यात बांधणीला आलेल्या मुखपृष्ठांची घडी फुटली की आपण कागदाला दोष देतो, तेव्हा आधी त्याला थोडा ओलावा देऊन पाहायला हवा.

१७ मे २०२४

खिडकीतल्या पानावरचा काळा कागद काढला. उघड्या अर्ध्याची मधाळ झाक स्पष्टपणे उतरली आहे, झाकलेला अर्धा होता तसाच आहे. वार्निशविषयीचा तर्क खरा ठरला.

पण नव्या नमुन्यांनी उलटी गोष्ट दाखवली. खिडकीतील चकचकीत तावाची कोरी, वार्निश नसलेली पट्टी डोळ्यांना पिवळसर दिसू लागली आहे. नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधाऱ्या खोलीत तावांवर धरला. कपाटातला ताव चांदण्यासारखा निळा उजळला. खिडकीतला ताव मंद आणि मळकट दिसला. कागदाला पांढरेशुभ्र दाखवण्यासाठी त्यात स्टिलबीन वर्गातील प्रकाशवर्धक मिसळतात. ते न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि निळा प्रकाश परत देतात. उन्हाने हे रेणू मोडतात, निळी भर नाहीशी होते आणि कागदाचा मूळचा किंचित पिवळा रंग उघडा पडतो. म्हणजे येथे काही पिवळे तयार झाले असेलच असे नाही. निळे गेले एवढे मात्र नक्की.

हा भेद मोजताही येतो. आमच्या स्पेक्ट्रोडेन्सिटोमीटरवर, म्हणजे रंग मोजण्याच्या यंत्रावर, एम-१ या स्थितीत अतिनील धरून आणि एम-२ या स्थितीत ते गाळून वाचन मिळते. दोन वाचनांतील पिवळ्या-निळ्या अक्षावरचा फरक ताज्या कागदावर मोठा येतो, आणि खिडकीतल्या कागदावर तो आकसला आहे. फक्त एम-१ पाहिले असते तर मी "कागद पिवळा पडला" असे लिहून मोकळी झाले असते. एम-२ चे वाचन जवळजवळ जागचे हललेले नाही, यावरून तंतू आणि बंधक यांना अजून फारशी झळ लागलेली नाही असा निष्कर्ष निघतो.

येथून पुढे "पिवळेपणा" हा शब्द मी एकटा वापरणार नाही. कोणत्या कारणाचा पिवळेपणा, हे प्रत्येक वेळी लिहीन.

१० जून २०२४

एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील परिचित प्राध्यापिकांच्या मदतीने काही ताव आर्द्र भट्टीत ८० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला, तर काही कोरड्या भट्टीत १०५ अंशांना ठेवले होते. त्वरित वार्धक्याच्या आयएसओ ५६३० मानकांतील या प्रचलित स्थिती आहेत. ताव आज परत आले. दोन्ही भट्ट्यांतील कोऱ्या पट्ट्या पिवळ्या झाल्या आहेत आणि या वेळी एम-२ मध्येही तो पिवळेपणा दिसतो. म्हणजे हा खरा रासायनिक बदल आहे. ब्यूटाडाइनच्या साखळीत उरलेले दुहेरी बंध ऑक्सिजनला सहज बळी पडतात, आणि लेटेक्सच्या पिवळेपणाचे ते मुख्य कारण मानले जाते. मॅप्लिथोला हा लेप नाही, आणि तो या तुलनेत कमी बदलला.

तरीही भट्टीच्या निकालावर मी पूर्ण भरवसा ठेवणार नाही. १०५ अंशांचे ७२ तास म्हणजे सुमारे पंचवीस वर्षे असा एक जुना हिशेब छपाईच्या वर्गात आम्हाला शिकवला गेला होता. साध्या कागदाच्या बाबतीतही तो ढोबळच आहे, आणि लेपित कागदाला तर तो लावताच येत नाही, असे आता वाटते. लेटेक्सचा मृदू होण्याचा बिंदू सामान्यतः खोलीच्या तापमानाच्या आसपासच असतो. भट्टीत तो त्याच्या कितीतरी वर नेला जातो. तेथे बंधक जसे वागते, तसे ते कपाटात कधीच वागणार नाही. आमच्या गठ्ठ्यात वरच्या तावाच्या शाईची फिकट छाप खालच्या तावाच्या कोऱ्या बाजूवर उमटली. ही वयाची खूण की उष्णतेत मऊ झालेल्या थरांची चिकटण, हे भट्टी सांगू शकत नाही.

१५ जुलै २०२४

पाऊस बसला आहे. गोदामातील आर्द्रतामापक बहुतेक दिवस ऐंशीच्या वर असतो.

आज केबिनमध्ये स्थिरावलेल्या गोदामातल्या तावांची चकाकी ७५ अंशांच्या कोनात मोजली. चकचकीत तावाची चकाकी घसरली आहे, आणि ती घसरण खिडकीतल्या तावापेक्षा जास्त आहे. रंग मात्र अगदी ताजे आहेत, आणि जांभळ्या दिव्याखाली ताव तेजस्वी निळा उजळतो. उलट खिडकीतील तावाचे रंग उडाले, पण चकाकी बरीच टिकली. दोघांना शेजारी ठेवले की एकाच दिवशी जन्मलेले हे ताव दोन निरनिराळ्या आजारांनी म्हातारे झाले, हे अंध माणसाला बोटांनीही कळेल: गोदामातला ताव हाताला किंचित खरबरीत लागतो.

कारण असे दिसते. रुळांनी दाबून चपटे केलेले तंतू ओलावा मिळाला की फुगतात आणि आपला मूळचा गोल आकार परत घेऊ पाहतात. तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत मात्र पुष्कळ वाढतो. खालचे तंतू उठले की वरचा लेपाचा पातळ थरही त्यांच्यासोबत उंचसखल होतो, आणि जेथे आरशासारखे परावर्तन होत होते तेथे प्रकाश विखुरतो. कारखान्यात दाबाने दिलेली चकाकी ओलावा अशी हळूहळू परत काढून घेतो. केबिनमध्ये कोरडा केल्यावर ताव सपाट झाला, पण चकाकी परत आली नाही.

ग्राहकाशी बोलताना मी आजवर रंग टिकण्याविषयीच बोलत आले. रंग, चकाकी आणि लेपाची पकड या तिन्ही गोष्टींची कारणे वेगळी आहेत, आणि एकीची चाचणी दुसरीविषयी काहीच सांगत नाही, हे मला या प्रकल्पातून प्रथमच स्वच्छ दिसत आहे.

५ ऑगस्ट २०२४

कार्यवाह आज एक पोते घेऊन आले. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला पूर आला, रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती बुडाला आणि सराफ बाजारात पाणी शिरले, तेव्हा त्यांच्या एका जुन्या इमारतीच्या तळघरात ठेवलेल्या स्मरणिका भिजल्या होत्या. पाणी उतरल्यावर कोणीतरी काळजीनेच त्या उन्हात ठेवून वाळवल्या. आज त्यांच्या विटा झाल्या आहेत. छापणारे आम्ही नव्हे, त्यामुळे कागदाची कागदपत्रे माझ्याकडे नाहीत. हाताला तो १३० ते १७० जीएसएमचा चकचकीत आर्ट पेपर वाटतो, आणि मध्ये संस्थेच्या जमाखर्चाचा एक फर्मा (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा जुडगा) मॅप्लिथोवर आहे.

परवानगी घेऊन एक प्रत उघडण्याचा प्रयत्न केला. आधी कोरडी, मग ओलसर टिपकागदांत रात्रभर ठेवून आणि शेवटी वाफ देऊन. चाकूच्या पातळ पात्याने दोन पाने सुटी झाली, परंतु लेप कागदासोबत राहिला नाही. पहिल्या पानावरील मुख्याध्यापकांच्या चेहऱ्याचा अर्धा भाग समोरच्या पानावर उलटा चिकटून आला आणि त्याच्या जागी मूळ कागदाचे केसाळ तंतू उघडे पडले. पुढे प्रयत्न थांबवला. त्याच विटेतील मॅप्लिथोचा फर्मा मात्र हाताने उघडला. पाने लाटांसारखी झाली आहेत, कडेला चिखलाची रेघ आहे, तांबूस ठिपकेही पडले आहेत, पण १९८० च्या देणगीदारांची यादी शेवटच्या नावापर्यंत वाचता येते. सर्वांत सुंदर कागद गेला आणि सर्वांत साधा राहिला.

पाण्यात असताना लेपातील बंधक मऊ होऊन फुगते आणि समोरासमोरचे दोन लेप एकमेकांना भिडतात. तोवर काही बिघडलेले नसते. नुकसान होते ते वाळताना, कारण तेव्हा दोन लेपांचा मिळून एकच लेप बनतो. टपाल तिकिटे जमवणाऱ्यांना याचा धाकटा भाऊ परिचयाचा आहे. १९२६ पासून देशाची टपाल तिकिटे आमच्या नाशिक रोडला छापली जात आहेत. ती जमवणारे माझे मामा पावसाळ्यात कोऱ्या तिकिटांचा अल्बम कधीही आडवा रचून ठेवत नसत. दमट हवेत मागचा डिंक ओलावला आणि वरून वजन पडले की तिकीट पानाला बसलेच. तेथे डिंक पाठीवर असतो, आर्ट पेपरमध्ये तो दोन्ही बाजूंच्या लेपात विखुरलेला असतो.

१९ ऑगस्ट २०२४

वरील तर्काची परीक्षा घेतली. चकचकीत तावांचे तीन छोटे गठ्ठे नळाच्या पाण्यात एक रात्र भिजवले. पहिला गठ्ठा तसाच वजनाखाली वाळू दिला. दुसऱ्यातील पाने ओली असतानाच पाण्याखाली हलक्या हाताने सुटी करून दोरीवर वाळत घातली. तिसरा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरच्या फ्रिझरमध्ये ठेवला, चार दिवसांनी त्यातला बर्फ पाण्यात वितळू दिला आणि मग तो सुटा केला.

पहिल्याची वीट झाली. दुसऱ्याची सर्व पाने वाचली. चकाकी गेली आणि ती लाटांसारखी झाली, परंतु छपाई जागच्या जागी राहिली. तिसऱ्याचा निकाल दुसऱ्यासारखाच आला. ग्रंथालयांत पूरग्रस्त लेपित कागद काही तासांच्या आत गोठवतात आणि पुढे निर्वात यंत्रात बर्फाचे थेट बाष्प करून तो वाळवतात, त्यामागचा हेतू आता मला हातांनी समजला. गोठवण्याने कागद दुरुस्त होत नाही. तो वाळू लागण्याचा क्षण पुढे ढकलला जातो आणि विचार करायला वेळ मिळतो.

बांधणी विभागातील मावशींनी हे तिन्ही गठ्ठे पाहिले आणि विचारले, "मग तेव्हा ऊन दाखवलं तेच चुकलं म्हणायचं?" होय, तेच चुकले, पण ज्यांनी दाखवले त्यांना दोष देता येत नाही. भिजलेली वस्तू उन्हात घालणे हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते.

२० सप्टेंबर २०२४

लेपाची पकड मोजण्यासाठी क्रमांकित मेणकांड्यांची चाचणी केली. कांडी वितळवून कागदावर टेकवायची, गार झाल्यावर उपटायची, आणि कोणत्या क्रमांकाला पृष्ठभाग तुटतो ते पाहायचे. निकाल इतके विस्कळीत आले की मला हाताचा दोष वाटला. पद्धतीचे वर्णन पुन्हा वाचले तेव्हा कळले की उष्णतेने मऊ होणाऱ्या बंधकाच्या लेपाला ती योग्यच नाही, कारण वितळलेले मेणच लेटेक्सला मऊ करते. एक आठवडा वाया गेला. आता एकाच गुंडाळीची चिकटपट्टी, ठरलेला दाब आणि ठरलेला वेग अशी साधी तुलना करीत आहे. तिने निरपेक्ष आकडा मिळत नाही, पण क्रम मिळतो: गोदामातील तावांवरून सर्वांत अधिक पांढरी भुकटी निघते, कपाटातील तावांवरून जवळजवळ नाही.

७ नोव्हेंबर २०२४

दिवाळी अंकांच्या घाईत दीड महिना नोंदी राहिल्या.

मॅट आर्ट पेपरविषयी थोडक्यात: उजेडात आणि ओलाव्यात तो चकचकीत कागदासारखाच वागला, आणि मुळातच चकाकी नसल्याने तिची घट डोळ्यांना बोचत नाही. त्याचा शत्रू घर्षण आहे. त्याच्या लेपातील कार्बोनेटचे कण भरड असतात आणि पाने चाळताना ते समोरच्या पानाची शाई घासून घेतात. ज्या भागावर पाण्याचे कोटिंग होते तेथे हे घासणे फार कमी झाले.

१८ डिसेंबर २०२४

थंडीत, हवा कोरडी असताना, नऊ महिन्यांची मापने पूर्ण केली. पाण्यावर आधारित कोटिंगचा भाग चारही ठिकाणी सर्वांत कमी बदलला आहे. तेलाच्या वार्निशचा भाग कपाटात आत्ताच किंचित पिवळा वाचला जातो, आणि १९९६ च्या दिनदर्शिकेमुळे पुढे काय होणार हे मला ठाऊक आहे. खिडकीतील चार रंगांचा राखाडी पट्टा निळसर झाला असून त्याच्या शेजारचा फक्त काळ्या शाईचा पट्टा पहिल्या दिवसासारखाच आहे. कार्यवाहांची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. ती चार रंगांत छापली तर अधिक गडद आणि भरदार दिसतात, म्हणून आम्ही हल्ली सर्रास तशीच छापतो. या ग्रंथात तसे करणार नाही.

६ जानेवारी २०२५

कार्यवाहांना पत्र लिहिले. मजकूर अल्कधर्मी मॅप्लिथोवर. छायाचित्रे चकचकीत आर्ट पेपरच्या स्वतंत्र फर्म्यांत, केवळ काळ्या शाईत, पाण्याच्या कोटिंगसह. तेलाचे वार्निश कोठेही नाही. प्रती तळमजल्यावर, जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नयेत, आणि पावसाळ्यात त्यांवर वजन रचू नये. पन्नास वर्षांची हमी मी लिहून दिलेली नाही. कशाने काय बिघडते आणि त्यातले काय माझ्या हाती आहे, काय त्यांच्या, एवढे मात्र सविस्तर लिहिले आहे.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. हमी नसल्याची तक्रार त्यांनी केली नाही. पुस्तक भिजले तर काय करावे, हे पुस्तकातच छापता येईल का, एवढेच त्यांनी विचारले. पोत्यातल्या त्या विटा त्यांच्या मनातून गेलेल्या नाहीत. मजकूर तीन वाक्यांचा ठरला: "हे पुस्तक भिजल्यास उन्हात वाळवू नये. पाने ओली असतानाच पाण्याखाली सुटी करावीत. तेवढा वेळ नसल्यास पिशवीत घालून गोठवून ठेवावे." तो शेवटच्या आर्ट पेपरवर, आकर्षक चौकटीत घ्यावा अशी त्यांची सूचना होती. मी तो मॅप्लिथोच्या पानावर घेतला आहे, कारण ज्या दिवशी त्याची गरज पडेल त्या दिवशी आर्ट पेपरचे पान कदाचित उघडणार नाही.